मोटरच्या आडून

प्रिय सिकेलीदाजी,

तुझ्या मोडक्या पायाला आधी नमस्कार, मग उरलेल्या तुला. पाय प्लास्टरमध्ये घालून वर टांगून ठेवलाय असं कळलं. तुझा एखादा अवयव एका जागी स्थिर राहिल्याचं हे आमच्या माहितीतलं पहिलंच उदाहरण, तेव्हा डॉक्टरांचे माझ्या वतीने आभार मान. इकडे सगळे खुशाल आहेत. ज्या नीरफणसाच्या झाडावरून तू पडलास तेही खुशाल आहे. तुझ्या वजनाने मोडलेल्या फांदीच्या बुडाशी नवी पालवी फुटली आहे, आणि ज्या फळासाठी तू या वयात पैज लावून चढलास ते फळ दुसऱ्या दिवशी आपणहून खाली पडलं. आम्ही ते भाजलं, नारळाच्या दुधात बुडवलं आणि तुझी आठवण काढत खाल्लं. चव चांगली होती. (तू दाजी झालास तरी आधी आतेभाऊ, आणि आतेभावाच्या दुखण्यावर हसायचा आमच्या रीतीने मला हक्क आहे. माझं काही मोडेल तेव्हा तो तुला मिळेल, तोवर धीर धर.)

तुझा चष्माही झाडाखाली सापडला, पण एका काचेचा, म्हणून हे पत्र तुला तिथल्या नर्सबाई वाचून दाखवणार असं धरून लिहितो. नर्सबाई, तुम्हालाही माझा नमस्कार. तुम्ही आमच्या बेटांकडच्या नाही. तुमच्या घरी भाऊ-बहीण एका ताटात जेवत असतील आणि एकमेकांच्या झिंज्याही ओढत असतील, म्हणून एक खुलासा आधीच करून ठेवतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला वेडेपणा वाटेल. (वेडेपणा आहेच, पण तो आमचा आहे.) आमच्याकडे बहीण जाणती झाली की भावाने तिच्याशी थेट बोलायचं नाही आणि तिनेही भावाशी नाही. यात राग-रुसवा काही नाही, मान राखण्याची रीत आहे. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्या माणसाकरवी सांगायचं. थट्टा करायची नाही, नाव घेऊन हाक मारायची नाही, आणि कमरेखालच्या कुठल्याही विषयाचा तर त्या दोघांना वाराही लागता कामा नये. हा शेवटचा नियम जरा ध्यानात ठेवा, सगळा घोळ त्यानेच घातला.

आता मुद्द्याचं. तुझ्या केलेराचं लग्न झालं हे तुझ्या भावांनी तुला रेडिओफोनवरून कळवलंच असेल. नवरीचा मामा, म्हणजे मी, भर समुद्रात सख्ख्या बहिणीशी मोठमोठ्याने बोलत होता आणि ते अख्ख्या किनाऱ्याने ऐकलं, हे तर त्याआधी कळवलं असेल. दाजी, तुझे भाऊ आदल्या दिवशीच नवऱ्याच्या बेटावर जाऊन पोचले होते. यंगोनाच्या, म्हणजे गुंगी आणणाऱ्या मुळीच्या पेयाच्या, परातीभोवती त्यांची बैठक बसली होती आणि त्यांच्या कानात तोवर काय काय वाजत असेल ते देव जाणे. होडीत मी होतो. तेव्हा माझ्याकडून ऐक.

निघायचं होतं सकाळच्या भरतीवर. पलीकडच्या बेटाची खडकातली वाट तुला ठाऊक आहे, भरतीला होडी तरंगत आत जाते आणि ओहोटीला खेकडे त्याच वाटेने चालत बाहेर येतात. होडीत काय होतं तर एक पाय बांधलेलं डुक्कर, सुगंधी खोबरेल तेलाची बाटली, आणि तुझ्या बायकोने, म्हणजे माझ्या बहिणीने, तोरिकाने केलेरासाठी विणलेल्या चटया. काठाला लाल-हिरव्या लोकरीची झालर असलेल्या त्या चटया तू पाहिल्या आहेसच, उलट त्यांच्यावर मोटरचं तेल सांडल्याबद्दल दोनदा उपाशीही राहिला आहेस. लग्नाच्या दिवशी नवरीने बसायचं ते आईच्या चटयांवर. त्या वेळेवर पोचल्या नाहीत तर तिने सासरच्या चटयांवर बसायचं, आणि मग त्या घरच्या बायकांनी जन्मभर, मासे साफ करताना, कंद सोलताना, मधूनच सुस्कारा टाकत म्हणायचं, की बाई, ही आली तेव्हा हिच्याखाली पसरायला काही नव्हतं, आमचंच दिलं. आधीच बाप झाडावरून पडून सुवा शहराच्या इस्पितळात. म्हणजे पोरीच्या मागे उभं राहायला कोण, तर तिची आई, आईच्या चटया, आणि तुझ्या होडीची ती म्हातारी मोटर.

मोटरबद्दल मी वाईट बोलणार नाही. जिचं झाकण सायकलच्या ट्यूबने बांधलेलं आहे, जिच्या दोरीची मूठ तू पेरूच्या लाकडाची कोरलेली आहेस, आणि जिचा मूळचा रंग आता फक्त तुझ्या आईला आठवतो, अशी मोटर त्या दिवशी पहिल्याच ओढीला सुरू झाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी मागे सुकाणूला होतो. तोरिका मधे, पेट्रोलच्या टाकीजवळ, रीतीप्रमाणे माझ्याकडे पाठ करून. आणि पुढे चटयांच्या गठ्ठ्यावर आत्या, म्हणजे तुझ्या मातोश्री. भाऊ-बहिणीतला निरोप इकडून तिकडे करायला मधलं माणूस हवं, म्हणून त्यांना मुद्दाम घेतलं होतं. होडी हलली आणि मधलं माणूस झोपलं.

नर्सबाई, या मोटरा समुद्राच्याच पाण्यावर थंड राहतात. खालून पंप जाळीतून पाणी ओढतो, तापल्या अंगातून फिरवतो आणि मागच्या बारीक भोकातून बाहेर सोडतो. ती धार पडतेय तोवर काळजी नाही. धार थांबली की समजायचं, मोटरला ताप चढला. आता या धारेला आमच्याकडचे सगळे नावाडी काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, पण तुम्ही रोज सकाळी खाटेखाटेपाशी जाऊन 'झाली का?' म्हणून जे विचारता, तेच.

गावाबाहेरच्या उथळ पाण्यात समुद्रगवत माजलं आहे. त्यावरून जाताना धार बारीक झाली. मग तुटक झाली. मग एखाद्या म्हाताऱ्यासारखी थांबून, विचार करून, दोन थेंब पडू लागली. एरवी मी बोंब मारली असती. पण मारणार काय म्हणून? माझी बहीण हातभर अंतरावर! तो शब्द नको म्हणून मी दुसरे शब्द शोधले, तर जो आठवावा त्याचा अर्थ शेवटी तिथेच जाऊन पोचे. मोटर बंद करून त्या भोकापाशी वाकून बघणं म्हणजे तर तो शब्द न उच्चारता मोठ्याने म्हणणंच झालं. शेवटी मी आभाळाकडे बघून म्हणालो, "यंदा पाऊस कमीच दिसतोय."

तोरिका समुद्राकडे बघून म्हणाली, "विहिरी आटल्या म्हणतात, अगदी जवळपासच्या सुद्धा."

तिला कळलं होतं, दाजी! तिला धार दिसत नव्हती, पण ती ऐकत होती, आणि पडायची थांबली हे तिला माझ्याआधी कळलं होतं. मला कळलंय हे तिला कळलं आणि तिला कळलंय हे मला कळलं. इतकं सगळं कळूनही आम्ही दोघं मान राखत तसेच पुढे जात राहिलो आणि मागे मोटर भाजत राहिली. मला वाटलं, गवत संपलं की आपोआप मोकळी होईल. रंग जळल्याचा वास आला, झाकणाखालून वाफ आली, मोटरने एक मोठा हुंकार दिला आणि ती गप्प झाली. त्या शांततेने आत्या जागी झाली. तिने मोटरकडे बघितलं, मागच्या कोरड्या भोकाकडे बघितलं, आणि मंगळवारच्या प्रार्थनेला लावते त्या आवाजात विचारलं, "मुतायची थांबली का ही? मग कोणी बोलत का नाही मेल्यांनो?"

मी लांबच्या माडांकडे बघू लागलो. तोरिका डुकराकडे बघू लागली. तिचे कान मागून लाल दिसत होते. माझे मला दिसत नव्हते, पण ऐन उन्हात गरम लागत होते.

त्यानंतर मात्र आत्याने मध्यस्थीचं काम हाती घेतलं. मी सविस्तर सांगितलं, "आत्या, माझ्या मानाच्या बहिणीला कळव की बहुतेक जाळीत गवत अडकलंय, मी मोटर उचलून बघतो, तोवर तिने टाकी धरली तर उपकार होतील." आत्या वळून म्हणाली, "टाकी धर गं." मी तापल्या मोटरवर ओतायला डब्यात समुद्राचं पाणी भरलं. तोरिका हळूच म्हणाली, "आत्या, गरम असताना पाणी नको म्हणावं, तडकेल." आत्या माझ्याकडे वळली, "अरे टोणग्या, चुलीवरचं भांडं कोणी समुद्रात बुडवतं का? फुटेल ती! तुझ्या बापालाही एवढंच डोकं होतं. माझाच भाऊ तो, मला विचार." (यातलं शेवटचं तोरिकाने सांगितलेलं नव्हतं. बाप तिचाही आहे.)

मोटर निवू दिली. जाळीतलं गवत उपटलं. झावळीची एक हीर सोलून धारेच्या भोकात घातली, तर आतून मिठाचा खडा आणि कुंभारमाशीच्या घराची माती निघाली. दोरी ओढली. सुरू झाली! धार बारीक, पण पडतेय. आम्ही निघालो, आणि थोडं अंतर गेल्यावर मोटरने खोकून पुन्हा मान टाकली. पुन्हा ओढली, पुन्हा चालली, पुन्हा तसंच. या वेळी ताप नव्हता. प्लग काढून पुसला, फुंकला, दाताखाली धरून बघितला (का, ते विचारू नकोस, तूही धरतोस). तिकडे पाणी उतरू लागलं होतं. आत्या म्हणाली, "मी तुमचे निरोप पोचवून थकले. तुम्ही आता त्या मोटरशीच बोला," आणि तिने चटईचा कोपरा डोक्यावरून घेतला.

आता तूच सांग, माणसाने काय करावं? मी खरंच मोटरशी बोललो. "बाई गं," मी म्हणालो, "तुला पाहिजे तरी काय?"

आणि उत्तर आलं, पण तेही मोटरलाच. माझ्याकडे पाठ तशीच ठेवून तोरिका म्हणाली, "मोटर, तुझ्या पोटात काही जात नसेल तर तू चालशील तरी कशी? ही टाकी बघ गाल आत ओढून बसलीय. शहाळ्याला एकच भोक पाडलं तर पाणी येतं का गं?"

मी टाकीकडे बघितलं. खरंच तिचे गाल बसले होते. झाकणावरचा हवेचा स्क्रू करकचून आवळलेला, वर फडकं गुंडाळून सुतळीने बांधलेलं. चटईखालून आवाज आला, "मीच केलंय ते. पेट्रोलचा वास चटयांना लागला असता, मग व्याही काय म्हणाले असते?" स्क्रू सैल करताच टाकीने असा लांब श्वास घेतला, की माझ्याच छातीवरचं काहीतरी उतरलं.

पण धार अजून लाजल्यासारखीच पडत होती, आणि झाकणाला हात लावला तर चटका बसत होता. तोरिका थोडा वेळ ऐकत राहिली. मग मोटरला म्हणाली, "तुझ्या पंपातलं रबर गेलंय. तुझा खालचा पाय, पंप बसतो तो, उतरवल्याशिवाय काही खरं नाही." मी मोटरला म्हणालो, "मोटर, वेळ कुठे आहे आपल्याला?" ती मोटरला म्हणाली, "अशीच हाकली तर तू खडकाच्या अलीकडेच जळून जाशील, आणि मग माझी पोर दुसऱ्याच्या चटईवर बसेल." यावर मी सुकाणू वळवलं.

ओहोटीने वाळूचा दांडा उघडा पडला होता, त्याला होडी लावली. आता पुढचं काम मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. कमरेचं वस्त्र वर खोचून, गुडघाभर पाण्यात उभं राहून तोरिका मोटरचे नट सोडवणार म्हटल्यावर मी दांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, पाठ करून, डुकराशेजारी उभा राहिलो. पाने माझ्या पेटीत, पेटी माझ्यापाशी. म्हणजे प्रत्येक पान्यासाठी आत्याने वाळू तुडवत यायचं, पाना न्यायचा, तो लहान पडला की परत आणायचा आणि वाटेत आम्हा दोघांच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करायचा. (पेटीच तिकडे नेऊन ठेवावी हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. डुकराला सुचलं असावं, ते सारखं पेटीला ढुशा देत होतं.) पण आत्याच्या प्रत्येक फेरीला मला बातमी कळत गेली. नट मिठाने धरलेत. तोरिकाने नवरीच्या सुगंधी तेलाची बाटली फोडून त्यावर ओतली. नट सुटले. पाय उतरला. पंपातल्या रबरी चक्राच्या निम्म्या पाकळ्या तुटल्यात, त्यांचे तुकडे नळीत अडकलेत, ती हिरीने काढतेय. नवं चक्र नाही. पुढच्या फेरीला आत्या आली ती लंगडत. तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती.

"घेतली तुझ्या बहिणीने," आत्या म्हणाली. "लग्नासाठी घेतलेली नवी चप्पल, कापतेय ती! म्हटलं, जुनी घे की कोणाची, तर म्हणते, जुनी झिजलेली असते, रबर जाड हवं." आणि मग जरा वेळाने, स्वतःशीच, "पण कापते कशी रांड, एका रेषेत!"

दाजी, चटईचा काठ कापायची सुरी, चटई विणून विणून तयार झालेली नजर, आणि तुझ्या आईची चप्पल. त्यातून तिने पाकळ्या कापल्या, तुटल्या होत्या तिथे एकेक ठोकून बसवल्या आणि पंप पुन्हा जोडला. तू मला नेहमी सांगायचास की मोटर तू दुरुस्त करतोस आणि तोरिका नुसता दिवा धरते. मला वाटतं तू खरंच सांगत होतास. दिवा तिने जिथे धरला तिथे तुला बिघाड दिसत गेला, एवढंच तुझ्या लक्षात आलं नसेल.

हाक आली, मी गेलो, दोरी ओढली. धार आली! जाड, गोल, लांब, तरण्या घोड्याची म्हणावी अशी. (नर्सबाई, हे हळू वाचा.) आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही. मी मोटरला म्हणालो, "देव तुझं भलं करो." तोरिका मोटरला म्हणाली, "बोलत बसू नकोस म्हणावं, पाणी चाललंय."

आणि मग किनाऱ्याने जे ऐकलं ते ऐकलं. खडकापाशी पोचलो तेव्हा वाटेत मांडीभर पाणी उरलं होतं, किनाऱ्यावर लाकडी ढोल वाजायला लागला होता, आणि मोटरच्या आवाजावर आवाज चढवल्याशिवाय मोटरलाही ऐकू जात नव्हतं. तोरिका ओरडली, "मोटर, डावीकडे घे! डावीकडे!" मी ओरडलो, "मोटर, मला दिसतंय!" ती ओरडली, "दिसतंय तर मग तो खडक कोणाचा बाप आहे?" मी ओरडलो, "मोटर, जरा दमाने घे, तुझ्यापेक्षा मी मोठा आहे!" तुझ्या भावांनी यातला 'मोटर' हा शब्द गाळून बाकीचं तुला कळवलं असणार. पाण्याचं खोलपण संपलं तिथे मी मोटर वर उचलली, आणि होडी अशी रुतली की पुढे जाईना.

आता हे नीट ऐक, कारण तू तिथे नव्हतास. (मलाही हे मागाहून त्या घरच्या बायकांनीच सांगितलं.) सासरच्या बायकांनी आपल्या चटया पसरून ठेवल्या होत्या, उगाच वेळ नको म्हणून, आणि चांगल्या मनाने. केलेरा त्यांच्या शेजारी गवतावर उभी होती. बस म्हटलं तर बसेना. नवऱ्याची आजी म्हणाली, "अगं, ओहोटी लागली, आता कोण येतंय?" तर तुझी पोर म्हणाली, "आमची मोटर खोकतेय, मला ऐकू येतंय. आई येतेय." बाकी कोणाला काही ऐकू येत नव्हतं. मग येऊ लागलं. मग तिने अंगावरचं लग्नाचं वस्त्र गुडघ्यापर्यंत उचललं आणि खडकांवरून पाण्यात चालत आली, मागून त्या घरच्या सगळ्या बायका आल्या, आणि त्या सगळ्यांनी मिळून चटया डोक्यावरून किनाऱ्याला नेल्या. एका झालरीलाही पाणी लागलं नाही. केलेरा त्यांच्यावर बसली. तोरिका शेजारी बसली, नखांत काळं ग्रीस, अंगाला सुगंधी तेलाचा आणि पेट्रोलचा वास. तिच्याकडे बघून मला वाटलं, आपल्या गावातून या बेटावर इतकं देखणं कोणी कधी आलं नसेल. आत्या एका चपलेने मुखियाच्या समोरून अशी चालत गेली, की बऱ्याच बायकांना ती नवी रीत वाटली.

संध्याकाळी वडीलधाऱ्यांनी मला विचारलंच. मी सांगितलं की मी मोटरशी बोललो. बहीणही मोटरशी बोलत असेल तर तो तिचा आणि मोटरचा प्रश्न. मुखियाने बराच विचार केला, माझ्या हाती यंगोनाची करवंटी दिली आणि विचारलं, "मोटर काय म्हणाली?" मी म्हणालो, "म्हणाली, डावीकडे घे." म्हातारा इतका हसला की त्याला पाठीवर थापटावं लागलं. प्रकरण तिथे मिटलं, असं तुझ्या भावांना माझ्या वतीने कळव.

पाय लवकर जुळू दे. झाडांना निरोप कळवतो.

तुझा, आणि तुझ्या पडण्यावर सर्वांत जास्त हसलेला,
इनोके

ता. क. : येणाऱ्या जहाजाने पंपातलं रबरी चक्र पाठव. आणि आत्यासाठी एक डावी चप्पल. दुकानदार एकटी देत नसेल तर जोडी पाठव, उजवी मी पुढच्या बिघाडासाठी ठेवतो.

पुन्हा ता. क. : खरं तर ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच. तुझ्या थोरल्या पोराने तुझ्यासाठी नवी मोटर घेतली आहे आणि ती तो जहाजावर चढवणार आहे असं कळलं. ती तापत नाही, बंद पडत नाही, आवाजही करत नाही म्हणे. दाजी, एवढी माझी विनंती आहे, ती पाठवू देऊ नकोस. तोरिका लहान होती तेव्हा आम्ही दिवसभर बडबडायचो, तुला माहीत आहे. मग ती मोठी झाली, आणि रीत म्हणजे रीत, मला तक्रार नाही. पण त्या दिवशी वाळूच्या दांड्यापासून खडकापर्यंत आम्ही जितकं बोललो, तितकं मधल्या सगळ्या वर्षांत मिळून बोललो नव्हतो. नव्या मोटरला काही होणारच नसेल तर तिच्याशी बोलायचं तरी काय?

आणखी एक : हे तोरिकाला कळू देऊ नकोस. ती पुढच्या जहाजाने तुझ्याकडे येते आहे. तिने आपणहून म्हटलं, की नवी मोटर कशाला, जुनीच बरी, तर हो म्हण आणि कारण विचारू नकोस. नर्सबाई, तुम्हीही विचारू नका.